मोटारीची पोलादी चाके आणि त्यांचा रंग

मोटारगाडीच्या सर्व भागांत रंगाची सर्वाधिक कसोटी कोठे लागत असेल, तर ती चाकांवर. छपरावरील रंगाला ऊन आणि पाऊस एवढेच सोसावे लागते. चाकावरील रंगाला याखेरीज रस्त्यावरून उडणारी खडी, चिखल, समुद्रकाठच्या गावी खारी हवा आणि ब्रेक लावल्यावर तापणाऱ्या ड्रमची किंवा तबकडीची उष्णता यांना तोंड द्यावे लागते. ब्रेकच्या घर्षणाने झिजलेले लोखंडाचे बारीक कण तापलेल्या अवस्थेत चाकावर येऊन बसतात आणि तेथेच गंजतात. असे असूनही घरच्या घरी गाडीची निगा राखणारा हौशी मनुष्य चाकांकडे सर्वांत शेवटी वळतो. अर्धा दिवस मोकळा सापडला की तो रुपेरी रंगाचा एक डबा आणतो, चाक गाडीवर असतानाच त्यावरून ब्रश फिरवितो आणि संध्याकाळी समाधानाने हात धुतो. एक पावसाळा ओसरतो न ओसरतो तोच त्या रंगाला फोड येतात आणि फोडाखाली तांबूस पूड सापडते. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण माणसांप्रमाणेच अशा चाकांनाही लागू पडते.

या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो पोलादी चाकांचा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके आता बऱ्याच गाड्यांना बसविलेली दिसतात. तथापि कमी किमतीच्या गाड्यांना, टॅक्सींना आणि पुष्कळदा स्टेपनीला पोलादी चाकच असते. शिवाय आपल्या देशात जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांचा एक वर्ग आहे. अँबॅसडर गाडीचे उत्पादन उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनीचे त्याच्या बरेच आधी थांबले होते आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला. अशा गाड्यांची नवी चाके सहजासहजी मिळत नाहीत. ज्याच्याजवळ अशी एखादी गाडी आहे, त्याच्या दृष्टीने चाकाचा रंग हा केवळ शोभेचा विषय राहत नाही. गंजून पातळ झालेले चाक टाकून द्यावयाचे, तर त्याच्या जागी बसवावयाला दुसरे नाही, ही त्याची खरी अडचण असते.

दोन गोष्टी आरंभीच सांगितलेल्या बऱ्या. रंग किती टिकणार हे बहुतांशी तो लावण्यापूर्वीच ठरलेले असते, ही एक. चाकावर दोन जागा अशा आहेत, की जेथे रंगाचा जाड थर असणे गंजापेक्षाही अधिक धोक्याचे असते, ही दुसरी. पहिली गोष्ट पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. दुसरी ठाऊक असणारे थोडे; म्हणून पुढे तिचा विचार सावकाशपणे केला आहे.

कारखान्यातील लेप

पोलादी चाकाचे दोन भाग असतात. टायर ज्यावर बसतो ती वाटोळी रिम, आणि रिमला मध्यभागी आधार देणारी व हबवर नटांनी आवळली जाणारी तबकडी. दोन्ही भाग पत्र्याचे बनविलेले असून एकमेकांस वेल्डिंगने जोडलेले असतात. हा सांधा जेथे येतो तेथे एक अरुंद खाच राहते. चिखल साठतो तो याच खाचेत, आणि गंजाची सुरुवातही पुष्कळदा येथूनच होते.

कारखान्यात हे चाक प्रथम अल्कलीयुक्त पाण्याने धुतात, नंतर त्यावर फॉस्फेटचा सूक्ष्म स्फटिकमय थर चढवितात आणि मग ते पातळ रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर अस्तर बसवितात. विजेमुळे रंग खाचाखोचांतही जाऊन बसतो, कारण जेथे थर जाड झाला तेथे प्रवाहाला अडथळा होतो आणि रंग उघड्या राहिलेल्या जागेकडे वळतो. शेवटी हे अस्तर भट्टीत भाजून पक्के करतात. मोटारींच्या सांगाड्यांसाठी ही विद्युत् पद्धत १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. फॉस्फेटच्या थराची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली त्याचे पेटंट घेतले.

आणि निसर्गाने तर ही युक्ती त्याच्याही फार पूर्वी करून दाखविलेली आहे. दिल्लीजवळच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही गंजून गेलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण पुष्कळ आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की त्या फॉस्फरसमुळे धातू आणि वरचा गंज यांच्या दरम्यान फॉस्फेटचा एक संरक्षक पापुद्रा तयार झालेला आहे. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला आली, हे खरे. मोटारीच्या चाकावर जो थर रसायने वापरून काही मिनिटांत चढवितात, त्याच जातीचा थर येथे आपोआप, अतिशय सावकाश तयार झाला.

यातील भट्टी व विजेची टाकी घरी शक्य नाही. म्हणून चाकावरील कारखान्याचे अस्तर जेथे जेथे शाबूत असेल, तेथे तेथे ते राखावे. सगळा जुना रंग खरवडून चाक लखलखीत करण्याचा उत्साह पुष्कळांना असतो. पण त्यात आपण हाती असलेला उत्तम लेप टाकून त्याच्या जागी दुय्यम लेप लावीत असतो.

गंज रंगाखाली कसा सरकतो

रंग हा पाण्याला पूर्णपणे अडवितो अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. कोणत्याही रंगाच्या थरातून पाण्याची वाफ आणि हवेतील ऑक्सिजन थोड्या प्रमाणात आरपार जातच असतात. रंग लोखंडाचे रक्षण करतो तो मुख्यतः त्याला घट्ट चिकटून राहून. चिकटलेल्या रंगाखाली पाण्याचा सलग थर साचू शकत नाही आणि गंजाला लागणारा विजेचा मार्ग पुरा होत नाही. चिकटणे सुटले, की रंग असून नसल्यासारखा होतो.

आता एखादा खडा उडाला आणि रंगाचा मोहरीएवढा टवका गेला, असे समजू. उघड्या पडलेल्या बिंदूवर पाणी बसते. गंजणे ही एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे, म्हणजे तेथे एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते. मधला भाग धनाग्र बनतो. तेथील लोखंड विरघळू लागते. सभोवती, रंगाच्या कडेखाली, ऋणाग्र बनते. तेथे ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून हायड्रॉक्साइड तयार होते. हायड्रॉक्साइड हे अल्कली होय. कपडे धुण्याचा साबण जसा तेल आणि अल्कली यांपासून बनतो, तसेच येथेही घडते. रंगातील बंधक जर तेलापासून बनविलेला असेल, तर हे अल्कली त्याचा अक्षरशः साबण करते आणि रंगाची कड सुटते. सुटलेल्या कडेखाली पाणी शिरते, ऋणाग्र आणखी पुढे सरकते आणि फोड वाढत जातो. मीठ असेल तर पाण्यातून वीज अधिक सहज वाहते आणि सगळी क्रिया वेग घेते. चेन्नई, पुरी, गोवा किंवा रत्नागिरी येथील गाडीचे चाक नागपूरच्या गाडीच्या चाकाआधी गंजते ते यामुळे. त्यातच गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो रंगाला खालून पाचर मारल्याप्रमाणे उचलून धरतो.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की रंग निवडण्याचे सूत्र यातच आहे. बाजारात 'सिंथेटिक इनॅमल' म्हणून जो रंग मिळतो त्याचा बंधक तेलापासून बनविलेल्या राळेचा असतो; अल्कलीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. एपॉक्सी राळेला अल्कली सहजी बाधत नाही, आणि ती धातूला घट्टही धरते. म्हणून उघड्या पोलादावर पहिला थर एपॉक्सी प्रायमरचा असावा. एपॉक्सीचा दोष एकच : उन्हात तिच्यावर खडूसारखी पांढरट भुकटी येते. म्हणून तिला वरून दुसऱ्या रंगाचे पांघरूण द्यावे लागते.

चाक उतरविणे

चाक गाडीवर ठेवून केलेले रंगकाम हे काम नव्हे. मागची बाजू, खाच, टायरच्या कडेलगतचा भाग या जागा दिसतच नाहीत, आणि गंज तर तेथेच असतो. चाके एकेक करून उतरवावीत आणि त्या जागी स्टेपनी चढवावी. म्हणजे गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी राहते, जॅकवर टांगून ठेवावी लागत नाही. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. काही नव्या गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते. ती केवळ गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी दिलेली असल्यामुळे चाक रंगविले जात असताना तिच्यावर आठवडाभर गाडी हिंडविणे योग्य नाही.

जाता जाता या शब्दाविषयी. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दुकान असलेल्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ साली हवा भरलेला टायर असलेली एक आरी नसलेली रिम तयार केली. पंक्चर झालेल्या चाकावर ती बाहेरून अडकवीत असत. रस्त्याचे नाव त्या वस्तूला मिळाले. इंग्लंडमध्ये तो शब्द मागे पडला. आपल्याकडे मात्र तो असा रुजला, की अनुवाद करताना त्याला प्रतिशब्द शोधण्याचे कारणच उरत नाही.

टायर काढून घेतलेला उत्तम. टायरच्या दुकानात हे काम काही मिनिटांत होते, आणि चाकावरील शिशाची किंवा जस्ताची वजनेही तेथेच काढून नंतर नव्याने तोल साधून बसविता येतात. टायर काढणे शक्यच नसेल, तर हवा कमी करून टायर आणि रिम यांच्या फटीत खेळण्याचे जुने पत्ते एकावर एक येतील असे गोलाकार खोचावेत. टायर रंगापासून झाकला जातो आणि रिमची कड मोकळी राहते. मात्र टायर चढविलेल्या चाकाला ज्योत लावणे किंवा वेल्डिंग करणे हे प्राणघातक आहे. आतील हवा तापून आणि रबरातून ज्वालाग्राही वायू सुटून टायर बॉम्बसारखा फुटतो.

धुणे, घासणे, पारखणे

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी धुवावे, मग घासावे. तेलकट पृष्ठभाग घासल्यास तेल निघत नाही. ते प्रत्येक ओरखड्यात नेऊन भरले जाते. साबणाच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने चाक दोन्ही बाजूंनी धुवावे, भरपूर स्वच्छ पाण्याने खळबळावे, वाळू द्यावे आणि नंतर रंगकामाच्या थिनरने ओल्या केलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. फडके वरचेवर बदलावे. पेट्रोल या कामी वापरू नये; त्याची वाफ पेटण्यास ठिणगी पुरते. रॉकेलने चाक स्वच्छ दिसते. परंतु मागे तेलाचा तवंग राहतो. टायर चमकविण्याच्या द्रवातील सिलिकोन तर सर्वांत त्रासदायक. त्याचा अंश जरी राहिला, तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी वाटोळी छिद्रे पडतात आणि कितीही थर दिले तरी ती बुजत नाहीत.

पृष्ठभाग खरोखर स्वच्छ झाला की नाही हे पाहण्याची एक जुनी आणि खात्रीची परीक्षा आहे. त्यावर पाणी ओतावे. पाण्याचा सलग पडदा काही क्षण टिकला, तर धातू स्वच्छ आहे. पाणी फाटून त्याचे थेंब झाले, तर चिकटा अजून आहे. आळवाच्या पानाची आठवण होईल असे चाक रंगवू नये.

आता घासणे. सुटलेले पोपडे पत्रीने काढावेत आणि गंजलेल्या जागा ८० क्रमांकाच्या एमरी पेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासाव्यात. ड्रिलला तारेचा ब्रश लावून हे काम लवकर झाल्यासारखे वाटते. पण तारेचा ब्रश पुष्कळदा गंज काढत नाही, त्याला घोटून चकचकीत करतो. काळपट चमकणारा तो भाग धातू नसून गंजच असतो. तार मारल्यावरही एमरी पेपरचा हात द्यावाच. त्यानंतर १८० क्रमांकाने ओरखडे सौम्य करावेत आणि शाबूत रंगाच्या कडा ३२० क्रमांकाच्या वॉटर पेपरने उतरत्या कराव्यात, इतक्या की डोळे मिटून बोट फिरविले असता पायरी लागू नये. शाबूत रंगाची चमकही याच कागदाने मारावी.

गाडी जुनी असेल, तर ही घासणी कोरडी करू नये. पूर्वी लोखंडाच्या अस्तरात शिसे सर्रास वापरीत. आपल्याकडचा पारंपरिक शेंदूर आणि पुलांना व जहाजांना देत ते तांबडे अस्तर, हे दोन्ही एकच द्रव्य, म्हणजे शिशाचे ऑक्साइड होय. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे केंद्रीय नियम २०१६ साली अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. कागद पाण्यात बुडवून घासावा, गाळ वर्तमानपत्रावर धरावा आणि लहान मुलांना जवळपास येऊ देऊ नये.

खळग्यांत रुतून बसलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेला द्रव मिळतो. तो लावून सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, घासावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि चाक तत्काळ, शक्य तर उन्हात, कोरडे करावे. आम्ल धातूवर राहून गेले तर त्यावरचे एपॉक्सी अस्तर नीट आवळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या द्रवात टॅनिन असते. गंजाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा थर बनतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे जी काळी शाई करीत, तिचे रसायन हेच. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर हा उपाय चालतो. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर तो लावणे म्हणजे ढिगाऱ्याला चुना फासणे होय.

चाक असे उघडे झाले म्हणजे ते पारखण्याची संधी मिळते, आणि सबंध कामात हीच सर्वांत मोलाची. नटांच्या छिद्रांभोवती, तबकडीतल्या हवेच्या झरोक्यांच्या कोपऱ्यांत आणि वेल्डिंगच्या सांध्यालगत भिंग धरून पाहावे. केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती भेग असण्याचा संभव फार. भेग पडलेले, छिद्रे लंबवर्तुळाकार झालेले किंवा गंजाने ठिकठिकाणी खोल खाल्लेले चाक रंगवू नये, पुट्टीने भरू नये आणि वेल्डिंग करून वापरू नये. ते भंगारात द्यावे, मग ते कितीही दुर्मीळ असो. पत्र्याची जाडी मुळातच काही मिलिमीटर असते. त्यातून गंजाने नेलेले पुट्टी परत देत नाही, केवळ झाकते.

जेथे रंग नको

नट चाकाला धरून ठेवतो तो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. नट आवळताना ज्या स्टडवर तो फिरतो तो स्टड ताणला जातो. पोलादाचा असला तरी तो अत्यंत ताठ स्प्रिंगप्रमाणे वागतो. त्याची मागे येण्याची ओढ चाकाच्या तबकडीला हबवर दाबून धरते, आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण चाकाचा सगळा भार पेलते. ही स्प्रिंग किती ताणली जाते? एक ढोबळ हिशेब करू. स्टडचा ताणला जाणारा भाग २० मिलिमीटर आणि त्यातील ताण ५०० मेगापास्कल धरला, तर पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २,००,००० मेगापास्कल असल्यामुळे स्टड लांब होतो तो ०.०५ मिलिमीटर. ब्रशने दिलेले इनॅमलचे दोन-तीन थर वाळल्यावर याहून जाड असू शकतात.

याचा अर्थ काय होतो, तो पाहा. चाक आणि हब यांच्या मध्ये, किंवा नट जेथे टेकतो त्या शंकूसारख्या खळग्यात, असा रंग असेल, तर नट आवळताना तो घट्ट लागल्याचा भास होतो. पाना पुरता अडतो. मग गाडी धावू लागते, ब्रेकने हब तापतो, रंग मऊ पडतो, चेपला जातो, कडेने बाहेर सरकतो. स्टडची ओढ पाच शतांश मिलिमीटरच्या तणावर उभी होती. तेवढाच रंग दबला की ती ओढ नाहीशी झाली. नट फिरलेला नसतो, तरी तो सैल झालेला असतो. पुढे चाक हबवर किंचित हलू लागते, छिद्रे घासून मोठी होतात, स्टड तुटतात आणि चालत्या गाडीचे चाक निखळते. चाक देखणे करण्याच्या हौसेतून असा अपघात ओढवणे शक्य आहे, हे रंगाच्या डब्यावर कोणी छापीत नाही.

म्हणून तबकडीच्या मागील बाजूचा, हबला टेकणारा सपाट भाग आणि पुढील बाजूचे नटांचे खळगे चिकटपट्टीने झाकूनच काम सुरू करावे. कारखान्याचे पातळ, भाजलेले अस्तर तेथे असेल तर ते असू द्यावे. ते गेले असेल तर धातू उघडाच ठेवावा. तेथे थोडा गंज येईल. दर वेळी चाक उतरविताना तो घासून काढता येतो. थोडा गंज चालेल, जाड रंग चालणार नाही. स्टडच्या आट्यांवरही रंग किंवा तेल नसावे. तेल लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोराने आवळलेला नट स्टडला नको तितका ताणतो. ट्यूब नसलेल्या टायरच्या बाबतीत रिमवरील टायरची कड टेकते तो पट्टाही जपावा. तो गंजून खडबडीत झाला तर हवा हळूहळू जाते. तेव्हा तेथे गुळगुळीत घासून अस्तराचा एकच पातळ थर द्यावा, अधिक नाही.

अस्तर आणि रंग

हवा कोरडी असावी. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश सेल्सिअसने वर असावे, असा रंगतज्ज्ञांचा नियम आहे. तापमापक जवळ नसला तरी त्याचा अर्थ कळतो. सकाळचे दव उडून गेल्यावर काम सुरू करावे आणि दुपार कलण्यापूर्वी संपवावे. किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हे काम काढूच नये, आणि उत्तरेकडे पौष-माघातील धुक्याच्या सकाळी टाळाव्यात. कडक उन्हात तापलेले चाकही नको. रंग पसरण्यापूर्वीच आवळतो.

एपॉक्सी प्रायमर दोन डब्यांत येतो. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत, हार्डनर अंदाजाने घालू नये. हातमोजे घालावेत, कारण हे हार्डनर कातडीला बाधतात आणि एकदा बाधू लागले की पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास देतात. पहिला हात मुख्य पृष्ठभागावर न देता कडांना, झरोक्यांच्या काठांना आणि वेल्डिंगच्या खाचेला ब्रशने द्यावा. ओला रंग आपल्या पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे ओढला जातो व तेथे थर पातळ राहतो. गंज नेमका कडेपासून का सुरू होतो, याचे हे एक उत्तर. मग सबंध चाकावर दोन पातळ थर. पातळ या शब्दावर भर आहे. एका जाड थराचा वरचा भाग वाळतो, आत विद्रावक कोंडला जातो आणि पुढे त्याचेच फोड होतात.

वरचा रंग कोणता, याला मी तितके महत्त्व देत नाही. ॲल्युमिनियमचा रुपेरी रंग चांगला, कारण त्यातील धातूच्या चपट्या कपच्या कौलांसारख्या एकावर एक बसतात आणि पाण्याला आत येण्याची वाट लांबवितात. शिवाय गंजाचा डाग त्यावर लगेच दिसतो. डब्यातून फवारण्याचा ॲक्रिलिक रंग किंवा सिंथेटिक इनॅमल, दोन्ही चालतात. अस्तरावर पुढचा थर किती वेळात द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते. ती मुदत टळली तर अस्तर हलकेच घासून मगच रंग द्यावा. मात्र हवेवर वाळलेल्या सिंथेटिक इनॅमलवर नायट्रोसेल्युलोजचा रंग देऊ नये. त्याचे जहाल थिनर खालचा थर फुगविते आणि सगळ्यावर सुरकुत्या पडतात. या नायट्रोसेल्युलोजलाच आपले कारागीर 'ड्यूको' म्हणतात. ते मुळात अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या, १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या रंगाचे नाव. मोटार रंगवावयाला जेथे आठवडे लागत, तेथे त्याने काम काही तासांवर आणले. दमट हवेत मात्र तो पांढरा पडतो. विद्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो व त्यावर बाष्प जमते.

सर्वांत टिकाऊ म्हणून गॅरेजवाले ज्याची शिफारस करतात तो दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडतो, आणि एकदा जडलेला हा दमा पुढे अत्यल्प प्रमाणानेही उसळतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा त्याला अडवीत नाही. कारखान्यात त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा वापरतात. आपल्या शहरांतील इमारतींच्या वाहनतळात तर शेजाऱ्यांच्या खिडक्या डोक्यावरच असतात. चाकाचा रंग दोन वर्षे अधिक टिकावा म्हणून फुप्फुसे पणाला लावण्यात अर्थ नाही.

ॲल्युमिनियमच्या चाकांविषयी थोडक्यात इतकेच, की त्यांना तांबडे रेड ऑक्साइड प्रायमर लावू नये आणि ती पोलादी तारेने घासू नयेत. तारेचे कण त्यांत रुततात व गंजतात. एपॉक्सी अस्तर त्यांनाही चालते. ती चाके भट्टीत भाजण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यांचे बळ कारखान्यातील उष्णोपचारामुळे आलेले असते आणि अवाजवी तापविल्याने ते कमी होते.

रंग हाताला वाळला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. सिंथेटिक इनॅमल हवेतील ऑक्सिजन घेऊन आतून कठीण होत जाते आणि त्याला आठवडा तरी द्यावा. नखाने दाबून खूण उमटत असेल, तर टायर चढविण्याची घाई करू नये. टायरवाल्याची पहार पहिल्याच फेरीत कडेचा रंग नेते. इनॅमल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. ती एकेक पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

चाक बसविताना हबचा दर्शनी भाग तारेने साफ करावा, झाकलेल्या जागांवरची चिकटपट्टी निघाली आहे ना हे पाहावे, आणि नट समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर चालविल्यावर, चाके थंड असताना, तेच माप लावून पुन्हा तपासावेत. पहिल्याच वेळी जो नट बराच फिरेल, त्याच्या खळग्यात रंग राहिला आहे असे समजावे, आणि चाक उतरवून तो काढावा. प्रायमर आणि रंग यांतील उरलेला थोडासा भाग घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत, दोन भागांचे प्रायमर न मिसळता वेगवेगळे, जपून ठेवला तर दसऱ्याच्या सुमारास, पावसाळ्यात उडालेल्या टवक्यांवर बारीक ब्रशने तो लावता येतो.